अश्रूंची टवाळी आणि अश्रूंची पूजा

काही महिन्यांपूर्वी एका साहित्यिक मेळाव्यात एका विद्वान वक्त्यांनी तरुणांच्या वाचनाविषयी बोलताना ‘फॅन फिक्शन’ या प्रकाराचा उल्लेख केला आणि ‘दुसऱ्याच्या अंगणात बांधलेली झोपडी’ असे त्याचे वर्णन करून टाळ्या मिळवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हे आरंभीच कबूल केलेले बरे, कारण पुढे जे लिहायचे आहे ते त्या वक्त्यांच्या विरुद्ध जितके आहे तितकेच माझ्याही विरुद्ध आहे.

झाले असे की त्याच आठवड्यात माझी भाची डोळे सुजवून आमच्या घरी आली. कुणाचे काही बरेवाईट झाले की काय, असे वाटून मी चौकशी केली, तर एक कथा वाचून आपण पहाटेपर्यंत रडत होतो, असे तिने सांगितले. कथा कुणाची? टोपणनावाने लिहिणाऱ्या कुणाची तरी. प्रकाशक कोण? कुणीच नाही. मी हसलो आणि मेळाव्यातले ते वाक्य तिला ऐकवले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “मामा, तुम्ही वाचली आहे का?” पस्तीस वर्षे वर्गातल्या मुलांना मी नेमका हाच प्रश्न विचारीत आलो होतो.

वाचली. तीन महिने लागले. कथा कसली, सव्वापाच लाखांहून अधिक शब्दांची आणि १८८ प्रकरणांची ती प्रचंड कादंबरी आहे. ‘ऑल द यंग ड्यूड्स’ हे तिचे नाव १९७२ सालच्या एका गाजलेल्या इंग्रजी गीतावरून घेतलेले आहे. ‘मिसकिंगबीन८९’ या टोपणनावाने ती २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत क्रमशः लिहिली गेली. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेतील सात पुस्तकांची एकूण शब्दसंख्या धरली, तर ही त्याच्या जवळपास निम्मी भरते. हॅरीच्या जन्माआधीची, त्याच्या वडिलांच्या मित्रमंडळाची ही कहाणी. मूळ मालेत हे चार मित्र, म्हणजे जेम्स, सिरियस, रीमस आणि पीटर, आठवणींच्या तुकड्यांतूनच भेटतात. चाहतीने त्या तुकड्यांमधली रिकामी जागा हेरली आणि १९७१ पासून १९९५ पर्यंतचा काळ एकट्या रीमस लुपिनच्या बाजूने रचला.

रीमस हा पौर्णिमेला लांडगा होणारा मुलगा. मूळ मालेच्या लेखिकेने त्याला प्रेमळ आईवडील दिले आहेत. इथे मात्र वडील हयात नाहीत, आईने त्याला सोडलेले आहे आणि तो मुलांच्या एका अनाथगृहात वाढला आहे. अकराव्या वर्षी जादूच्या शाळेत येतो तेव्हा त्याला धड वाचताही येत नाही. अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे जुळतच नाहीत. ही लाज तो उर्मटपणाखाली झाकतो. ती ओळखतो सिरियस, आणि मित्राला वाचता यावे म्हणून एक मंत्र शोधून काढतो. ज्याने कधी काळी शेवटच्या बाकावरच्या, ‘ढ’ म्हणून सोडून दिलेल्या मुलाला शिकवले आहे, त्याने हा भाग कोरड्या मनाने वाचून दाखवावा. मला ते जमले नाही.

आता या ओढीचे कारण पाहू, कारण टवाळी करणारे नेमके इथेच चुकतात. त्यांना वाटते की चाहत्यांच्या कथा स्वप्नरंजनासाठी असतात आणि मूळ लेखकाने मारलेल्यांना जिवंत करून वाचकाचे लाड पुरवतात. तशा कथा आहेत आणि ढिगाने आहेत. ही तशी नाही. इथल्या प्रत्येक वाचकाला शेवट पहिल्याच पानावर ठाऊक असतो: १९८१ साली जेम्स आणि त्याची पत्नी लिली मारले जाणार, विश्वासघात पीटर करणार, निरपराध सिरियस बारा वर्षे तुरुंगात कुजणार आणि तोच गद्दार असे मानून रीमस एकटा उरणार. लेखिका यातले काहीही टाळत नाही. ती फक्त वेळ काढते. सात वर्षांचे शाळेतले खोडकर उद्योग, सुट्ट्या, गाणी, सिगारेटी, पौर्णिमेच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीच्या जखमा हे सारे ती इतक्या सावकाश सांगते की ती माणसे आपल्या घरची होतात. मग शेवट येतो, आणि तो ठाऊक असूनही आपण सावध नसतो. कर्णाच्या रथाचे चाक रुतणार हे ठाऊक नसलेला मराठी वाचक कुठे सापडेल? तरीही १९६७ साली आलेली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ हातात घेऊन रात्री जागवणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. ती रडणारी माणसे भाबडी होती, असे मेळाव्यातल्या वक्त्यांनी म्हणावे. म्हणणार नाहीत.

यावर उत्तर ठरलेले आहे: महाभारत हे सर्वांचे, हॅरी पॉटर हे एका जिवंत लेखिकेच्या मालकीचे. हा भेद मला मान्य आहे आणि तो हलका नाही. परंतु मालकीचा प्रश्न कायद्याचा आहे. साहित्यमूल्याचा निवाडा त्याने होत नाही. शिवाय त्या मालकिणीची भूमिकाही पाहावी. रोलिंग यांच्या प्रतिनिधींनी २००४ सालीच स्पष्ट केले होते की चाहत्यांनी कथा लिहाव्यात याला त्यांची हरकत नाही. मात्र त्यांचा धंदा होऊ नये आणि त्यांत अश्लीलता असू नये. ही कादंबरी ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहात विनामूल्य ठेवलेली आहे. तो संग्रह २००७ साली स्थापन झालेली एक ना-नफा संस्था चालवते, आणि २०१९ साली त्याला विज्ञान-कल्पित साहित्याच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. म्हणजे झोपडीच म्हणायची, तर अंगणाच्या मालकिणीने अटी घालून बांधू दिलेली आणि भाडे न घेणारी.

टवाळी करणाऱ्यांतला आणखी एक वर्ग असा आहे की जो आपला खरा आक्षेप उच्चारीतच नाही. रीमस आणि सिरियस या दोघांतील प्रेम हा या कादंबरीचा कणा आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी तसे उघड म्हणावे. त्यावर वाद करता येतो. पण ‘यात वाङ्मयीन मूल्य नाही’ या पडद्याआड उभे राहून तो आक्षेप घेऊ नये. पडद्यामागच्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि समीक्षेचे नाव मात्र विनाकारण खराब होते.

इथवर वाचून भाची खूश होईल. आता तिच्या पक्षाकडे वळतो.

२०२० नंतर या कादंबरीचा बोलबाला अचानक वाढला. टाळेबंदीतल्या एकांतात, लहान चित्रफितींच्या त्या जगात, ती वाचून रडणाऱ्या मुलामुलींची रीघ लागली. त्याच वर्षी रोलिंग यांनी लिंगओळखीविषयी मते मांडल्यानंतर त्यांचे अनेक वाचक दुखावून दूर गेले होते. मूळ घर सोडलेल्यांना हे दुसरे घर मिळाले. हे समजू शकते. पण आश्रयाचे देऊळ झाले की प्रश्न विचारणारा पाखंडी ठरतो, आणि तसेच घडले. अनाथगृह, वाचता न येणे हे सारे या लेखिकेचे कल्पित असूनही, मूळ पुस्तकातले म्हणून ते ठासून सांगणारे तरुण वाचक मला भेटले आहेत. मूळ मालेत रीमस टोंक्स नावाच्या तरुणीशी लग्न करतो, त्यांना मुलगा होतो आणि १९९८ च्या लढाईत दोघेही मरतात. या टोंक्सचे नाव काढले की भाविकांच्या कपाळाला आठी पडते. मूळ कथेत जीव दिलेल्या स्त्रीला, दुसऱ्या कुणाच्या कल्पनेत ती अडचणीची ठरते म्हणून, अशी हद्दपारी का?

त्याहून गंमतीची गोष्ट एका अफवेची आहे. एका जगप्रसिद्ध गायिकेनेच ही कादंबरी टोपणनावाने लिहिली असावी, अशी कुजबुज चाहत्यांत मध्यंतरी जोरात होती. म्हणजे वक्त्यांप्रमाणेच भक्तांनाही हेच वाटते की कुणी साधी, अनामिक बाई रोजचे व्याप सांभाळून एवढे मोठे काम करणार नाही! तुच्छता आणि भक्ती एकाच दाराने आत येतात ती अशी. आपल्या या त्रैमासिकाच्या वाचकांना तरी हे वेगळे सांगायला नको. शाळेतून दमून आल्यावर, रुग्णालयातली पाळी संपल्यावर, बँकेची कारकुनी आटोपल्यावर मानधनाची अपेक्षा न ठेवता लिहिणाऱ्यांच्याच बळावर अशी पाने निघतात. बाहेरची मंडळी त्यांना ‘हौशी’ म्हणून हसतात आणि घरची मंडळी ‘आपलेच’ म्हणून पाठ थोपटतात. या दोहोंत, लिहिलेले नीट वाचून ‘हे जमले, हे फसले’ असे सांगणारा मात्र दुर्मीळ. ज्याने आयुष्यात एकदा तरी असे लिहिले आहे, त्याला या एकाकीपणाची चव माहीत आहे.

म्हणून सांगतो की ही कादंबरी काही ठिकाणी फसली आहे. मधली शालेय वर्षे अतोनात लांबली आहेत. त्यातली पन्नास-साठ प्रकरणे कुणा कठोर संपादकाने निर्दयपणे छाटायला हवी होती. पीटरचे चित्रण तर मला अपराधच वाटते. ज्याच्या विश्वासघातावर सारी शोकांतिका उभी आहे, तो माणूस आतून कसा पोखरत गेला हे दाखवण्याची संधी लाखो शब्द हाताशी असूनही लेखिकेने घेतली नाही. रीमसच्या नजरेतून कथा येते आणि रीमसला ते दिसले नाही, हे समर्थन मी ऐकले आहे. ते अर्धेच खरे आहे. निवेदकाला जे दिसत नाही ते वाचकाला दाखवता येते, आणि सिरियसच्या बाबतीत ही लेखिका ते करतेच. कर्णाचेच उदाहरण पुन्हा घ्यावयाचे, तर ‘मृत्युंजय’च्या सुमारासच इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही आले आणि त्यात कर्णाकडे कोरड्या, चिकित्सक नजरेने पाहिलेले आहे. मराठी वाचकाने दोन्ही पुस्तके एकाच कपाटात ठेवली, आणि त्यामुळे ‘मृत्युंजय’चे काही बिघडले नाही.

भक्तीचे दुसरे फळ अधिक कडू आहे. जी कादंबरी फुकट दिली गेली, तिच्या छापील प्रती बांधून काहींनी त्या पैशांना विकल्या. स्वतःपुरती प्रत हौसेने बांधून घेणे वेगळे. विक्री झाली की ज्या अटीवर हे लेखन टिकून आहे ती अटच मोडते आणि संकट ओढवते ते न विकणाऱ्या लेखिकेवर. ज्यांना धंदा करावयाचा असतो ते निदान पात्रांची नावे आणि जग बदलून तो उघडपणे करतात. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ अशीच एका चाहतीच्या कथेतून २०११ साली निघाली. ‘मॅनॅकल्ड’ ही हॅरी पॉटरवरचीच दुसरी गाजलेली कथा नवे रूप घेऊन २०२५ साली ‘अल्केमाइज्ड’ या नावाने पुस्तकरूपात आली. त्यांच्या गुणावगुणांविषयी इथे बोलत नाही.

हा लेख छापायला देण्याआधी भाचीला वाचून दाखवला. पीटरविषयी तिने बराच विचार करून मान डोलावली. छाटणीच्या सूचनेवर मात्र ती भडकली. “त्या पन्नास प्रकरणांमुळेच तर शेवटी रडू येते, मामा,” असे तिचे म्हणणे, आणि ते अगदीच चुकीचे आहे असे मला आता छातीठोकपणे म्हणवत नाही. खरा वाद उरला तो ग्रँटवरून. हा या लेखिकेने स्वतः निर्माण केलेला, अनाथगृहातला रीमसचा सोबती. १९८१ नंतर उद्ध्वस्त झालेल्या रीमसला तोच सावरतो, वर्षानुवर्षे सोबत करतो, आणि कादंबरीच्या शेवटी रीमसच्या दारात परत येतो तो सिरियस. रीमसचे खरे सुख ग्रँटबरोबर होते, असे मी म्हणालो. भाचीने चहाचा कप खाली ठेवला आणि मी पुस्तक समजूनच घेतलेले नाही, असे मला स्पष्ट सांगितले. पुढच्या रविवारी ती पुन्हा येणार आहे. शेवटची बारा प्रकरणे तोवर मी परत वाचून ठेवावीत, अशी तिची आज्ञा आहे.