तुकडा कुणाच्या ताटात?



आपल्या घरात कॅसरोल म्हणजे चपात्या गरम ठेवायचा डबा. मागच्या महिन्यात वस्तीतल्या तपासणीच्या वेळी बारावीतल्या एका मुलीने मोबाइलवर आम्हाला दुसराच कॅसरोल दाखवला. मेक्सिकन पद्धतीचा, थराथरांचा, चिकन घातलेला. वर लिहिले होते, 'हार्मोन-फ्रेंडली डिनर'. साहित्यात अ‍ॅव्होकाडो, किनोआ आणि बदामाचे पीठ. मुलीची पाळी चार महिने आलेली नव्हती आणि हनुवटीवर केस दिसू लागले होते. तिने हळूच विचारले, "ताई, हे खाल्लं की पाळी येईल का?" शेजारी बसलेली आई म्हणाली, "मी तर हिचं चिकनच बंद केलंय. कोंबड्यांना हार्मोनची सुई देतात म्हणे."

मग रात्री ही जेवते काय? भात आणि बटाट्याचा रस्सा. घरात चिकन होते त्या दिवशी? "रस्सा घेते की थोडा."

त्या दोघींना आम्ही जे सांगितले तेच इथे लिहितो.

आधी ती सुई. ब्रॉयलर कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोची होते ती निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. शेडमध्ये हजारो पक्षी असतात, प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सुई टोचत बसणे पोल्ट्रीवाल्याला परवडणारही नाही. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा. माणसाला शेवटचा उपाय म्हणून द्यायचे कोलिस्टिन कोंबड्यांना वाढीसाठी दिले जात होते. 2019 मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. म्हणून कोंबडी सोडू नका, ती पूर्ण शिजवा. कच्चे मांस कापलेली विळी आणि हात साबणाने धुवा. नळाखाली तुकडे धो धो धुताना शिंतोडे बाकीच्या भांड्यांवर उडतात, तेवढे टाळा.

आता हार्मोन. इन्सुलिन हेही हार्मोनच आहे. नुसता भात-बटाटा पोटात गेला की रक्तातली साखर भराभर चढते आणि शरीराला जास्त इन्सुलिन सोडावे लागते. काही मुलींचे शरीर इन्सुलिनचे नीट ऐकत नाही, मग ते आणखी वाढते. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त तयार करायला लावते. पाळी लांबते, केस येतात, मुरमे येतात. पीसीओएस म्हणतात ते हेच. कुठलाही एक पदार्थ पाळी आणून देत नाही. पण रोजच्या जेवणात प्रथिने आणि चोथा वाढला, भात-मैदा-साखर कमी झाली, तर फरक पडतो. त्याला बदामाचे पीठ लागत नाही.

आणि मेक्सिकोच्या गरिबांनी तरी कुठे बदामाचे पीठ खाल्ले? तिथे मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात, त्याने कॅल्शियम वाढते आणि मक्यातले नायसिन अंगी लागते. त्या पिठाची पातळ भाकरी म्हणजे टॉर्टिया. ती शिळी उरली की तळून, टोमॅटो-मिरचीच्या वाटणात घोळवून खातात. त्याला चिलाकिलेस म्हणतात. आपला भाकरीचा कुस्कराच की हा! तिचेच थर लावून मधे चिकन भरले की पास्तेल आस्तेका. मिरची, टोमॅटो आणि मका तिकडच्याच मातीतले, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजले. त्याच मेक्सिकोत पुढे थंड पेयांच्या बाटल्यांनी घर केले, मधुमेह एवढा वाढला की 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावावा लागला आणि 2020 मध्ये पाकिटांवर काळे इशारे छापावे लागले. तेव्हा तिकडचे घ्यायचे ते जुन्या चुलीवरचे. चीज, चिप्स आणि बाटली नको.

आम्ही हे असे करतो. वाटीभर राजमा सकाळी भिजवून संध्याकाळी ते पाणी टाकून द्यायचे आणि कुकरला 5-6 शिट्ट्या करायच्या. अर्धाकच्चा राजमा उलट्या करवतो, तो पूर्ण मऊ हवा. अर्धा किलो चिकन हाडांसकट उकडून मांस सोडवायचे. पाणी दुसऱ्या दिवशीच्या आमटीला. चार टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची तव्यावर साल काळी पडेपर्यंत भाजून खलबत्त्यात कुटायची. तिकडेही तव्यावर भाजून दगडी खलातच वाटतात. कांदा-जिऱ्याच्या फोडणीत हे वाटण, राजमा आणि चिकन घालून पाणी आटवायचे. जाड कढईला तेलाचा हात लावून कालच्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे पसरायचे, वर मिश्रण, पुन्हा भाकरी, पुन्हा मिश्रण, शेवटी फेटलेली दोन अंडी. खाली तवा, वर झाकण, मंद आचेवर 20 मिनिटे. ओव्हन लागत नाही. उतरवल्यावर दहा मिनिटे थांबा, नाहीतर काप मोडतात.

सहा काप होतात. एका कापात प्रथिने 20 ग्रॅमच्या आसपास: चिकनचे दहा, राजम्याचे पाच, बाकी अंडी-भाकरीचे.

हा पदार्थ आम्हाला आवडला तो मात्र या कापांमुळे. आपल्या घरात चिकन कसे वाढले जाते ते आठवा. पहिल्यांदा बाप्ये आणि पोरगे, त्यांना तंगडी. मग पाहुणा. मग सासूबाई. सगळ्यांचे झाले की सून आणि पोरी पातेल्याच्या तळाशी चमचा फिरवतात, तिथे मान, पाठीचे हाड आणि बटाटा. वॉर्डात आम्ही वर्षानुवर्षे बायकांच्या कागदावर हिमोग्लोबिन 7, हिमोग्लोबिन 8 लिहीत आलो. "मांसाहार करता का?" विचारले की उत्तर "हो". तुकडा किती मिळतो, हे कागदावर विचारलेलेच नसते. आम्हीही विचारले नाही, याची आज लाज वाटते. थरांच्या कढईत निवडायला तंगडी नसते. कापायचे आणि माणशी एक द्यायचा. रात्री साडेदहाला शेवटी बसणारीलाही तोच काप.

कामावरून आठला परतणारीने हे रोज करावे असे आम्ही म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा पुरे. बाकीचे दिवस अंडे, मसूर, चवळी किंवा सुकट चालेल, फक्त मोजून वाढा. थायरॉइडची गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब. आणि पाळी तीन महिने चुकली तर थेट डॉक्टरांकडे.

परवा त्या मुलीच्या घरी गेलो. भावाने दुसरा काप मागितला, तर आईने रिकामी कढई दाखवली आणि म्हणाली, "सहा माणसं, सहा काप. उद्या अंडं करीन." मुलीची पाळी अजून आलेली नाही. सोमवारी सरकारी रुग्णालयात सोनोग्राफीची तारीख आहे, आम्ही सोबत जातोय.