खोट्या साक्षी हव्यात

या आठवड्यात एका वाचकाने मला तक्ता पाठवला. ‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या दुनियेतली सगळी न सुटलेली कोडी पहिल्या रकान्यात, उत्तरं दुसऱ्यात, आणि तिसऱ्या रकान्याचं नाव ‘खात्री’. ड्वेमर नावाच्या जमातीचे लोक कुठे गेले? न्यूमिडियम नावाच्या पितळी महाकाय देवाच्या कातडीत मिसळले. खात्री जवळजवळ पक्की. सेनापती नेरेवारला कोणी मारलं? पुढे देव झालेल्या त्याच्या तिघा साथीदारांनी; खात्री पक्की. खाली टीप : ‘तुम्ही उगाच धूर करता. सगळं स्पष्ट आहे.’

त्या तिघांतल्या व्हिव्हेकवर लिहिलं तेव्हाही अशीच पत्रं आली होती. ‘मग खरं काय ते सांगा ना!’ मी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. ते मला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे त्या दुनियेत राहणाऱ्यांनाही माहीत नाही. तक्ता करणाऱ्याच्या डोक्यात ही दुसरी गोष्ट शिरत नाही. त्याला वाटतं, उत्तर कंपनीच्या कपाटात आहे आणि किल्ली कुठल्या तरी चार तासांच्या व्हिडिओत.

या मालिकेतला ‘मोरोविंड’ हा खेळ 2002 सालचा. रेड माउंटनच्या पोटात लोरखान या मेलेल्या देवाचं हृदय सापडतं. ड्वेमरांचा मुख्य कारागीर कागरेनाक त्यावर चालवायला तीन अवजारं घडवतो : सन्डर हा हातोडा, कीनिंग हे पातं आणि रेथगार्ड हा हातमोजा. पहिल्या युगाच्या 700 च्या सुमारास तिथे नेरेवारच्या सैन्याशी लढाई होते, कागरेनाक अवजारं चालवतो आणि अख्खी जमात एका क्षणात नाहीशी होते. यंत्रं चालू राहतात, दिवे जळत राहतात, माणसं तेवढी नाहीत. कसं झालं ते अर्धंमुर्धं कळतं. कुठे गेले, ते नाही.

यातला खट्याळपणा बघा. मेजेस गिल्ड या जादूगारांच्या संघटनेचा मुख्य ट्रेबोनियस हा आपल्या ओळखीच्या कुठल्याही संस्थेच्या अध्यक्षाइतकाच कर्तबगार माणूस. तो सहज बोलता बोलता खेळाडूला सांगतो की जा, ड्वेमर कसे गायब झाले ते शोधून ये. जणू कोपऱ्यावरून दूध आणायचंय. खेळाडू हसतो, आणि मग लक्षात येतं की क्वेस्ट खरी आहे! ड्वेमरांची पुस्तकं गोळा करायची, ग्निसिसला बालाडास नावाच्या विक्षिप्त जादूगाराकडे न्यायची, त्याच्याकडून अर्थ लावून घ्यायचा. ट्रेबोनियसचं समाधान होतं. ट्रेबोनियससारख्यांचं होतंच. तक्तेवाल्यांचंही.

ज्याचं समाधान होत नाही, तो खेळ जिथे घडतो त्या बेटावर एका मनोऱ्याच्या तळघरात बसलेला आहे. याग्रम बागार्न, शेवटचा जिवंत ड्वेमर. कॉर्प्रसच्या रोगाने सुजलेला, पायांच्या जागी कोळ्यासारखी यांत्रिक तंगडी. घटना घडली तेव्हा तो या जगात नव्हताच, कुठल्याशा बाहेरच्या लोकात होता. परत आला तर कोणी नाही. साडेतीन हजार वर्षांनंतरही तो सांगतो ते एवढंच : कागरेनाकचं काही तरी चुकलं असेल, किंवा काहीच चुकलं नसेल आणि हवं तेच झालं असेल. त्याच कारागिराच्या हाताखाली काम केलेला माणूस हे बोलतोय. इतक्या जवळच्या साक्षीदाराला जे ठरवता येत नाही, ते आमच्या वाचकमित्राने रकान्यात बसवून टाकलं.

पण ड्वेमरांपेक्षा मला नेरेवारचा मृत्यू मोठा वाटतो. तिथे साक्षीदार एक नाही, चिक्कार आहेत, आणि प्रत्येकाचा हात कुठे ना कुठे अडकलेला आहे. व्हिव्हेक, अल्मालेक्सिया आणि सोथा सिल या तिघांना देव मानणाऱ्या मंदिराची अधिकृत कथा अशी : नेरेवार जिंकला, जखमांनी मेला, संत झाला. व्हिव्हेक स्वतःची हकिकत सांगतो, तिच्यात मृत्यू आडवाटेने येऊन जातो, खुनाचं नाव नाही. मंदिराशी फुटलेल्या पुरोहितांनी दडवून जपलेला मजकूर सांगतो की अल्मालेक्सियाने मेणबत्त्यांत विष घातलं, सोथा सिलने वस्त्रांत आणि व्हिव्हेकने मंत्रांत. राखेच्या प्रदेशातल्या टोळ्याही खूनच झाला म्हणतात, कारण नेरेवारचा ढालकरी त्यांच्याकडे जाऊन राहिला आणि त्याने तसं सांगितलं. मंदिराची सत्ता पहिल्या कथेवर उभी आहे, टोळ्यांचं बंड शेवटच्या कथेवर. कथा बदलली तर देवळं पडतील.

आणि मग ते छत्तीस उपदेश. व्हिव्हेकचे ग्रंथ म्हणून खेळभर विखुरलेली ही पुस्तकं. बहुतेक जण ती कौशल्याचा एखादा अंक वाढेल या आशेने उघडतात आणि मिटतात. एकोणतिसाव्या उपदेशात आकड्यांची एक यादी आहे. प्रत्येक उपदेशातला त्या त्या आकड्याचा शब्द उचलून ओळीने मांडला की कबुली वाचायला मिळते : व्हिव्हेक जन्मतः देव नव्हता, देवपण त्याने चोरलं, सेनापतीचा खून केला, आणि हे सगळं त्याने स्वतःच्या मर्जीने केलं. छत्तिसाव्यातल्या परिच्छेदांची आद्याक्षरं जुळवली तरी खुनाचाच आरोप निघतो. स्वतःच्या पवित्र ग्रंथात स्वतःविरुद्धचा कबुलीजबाब लपवून ठेवणारा देव! तक्त्यातली ‘खात्री पक्की’ इथूनच आली, हे उघड आहे.

थांबा जरा. कबुली कोणाची? ज्याने त्याच ग्रंथात स्वतःच्या जन्माची कपोलकल्पित पुराणं लिहिली त्याची. तो खरं बोलत असेल. किंवा पापी देव हा निष्पाप देवापेक्षा मोठा दिसतो, हे ओळखून त्याने पापही स्वतःच रचलं असेल. मला दुसरं जास्त पटतं. पुरावा विचाराल तर नाही.

जुन्या वाचकांनी आता कपाळाला हात लावावा, कारण माझी गाडी बखरींवर येतेय. 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले की निसटले, यावर पुण्यात वर्षानुवर्षं कुजबुज चालली, एक तोतया उभा राहिला, माणसं त्याच्या मागे गेली, आणि 1776 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. भाऊ मेले की नाहीत, यापेक्षा ते जिवंत आहेत असं कोणाला वाटायला हवं होतं, हा प्रश्न मला नेहमी जास्त रसाळ वाटत आलाय. मोरोविंडमध्ये तर खेळाडू स्वतःच तोतया असू शकतो. नेरेवार पुन्हा जन्म घेईल असं भाकीत आहे. जन्मतिथी जुळते आणि आईबापांचा पत्ता नाही, एवढ्यावर सम्राट एका कैद्याला, म्हणजे तुम्हाला, सोडून बोटीतून बेटावर धाडतो. सोबतच्या पत्रातच साम्राज्याचा हिशेब उघडा पडतो. हाच खरा नेरेवार का, यापेक्षा हा खपून जाईल का, याची चिंता त्यात जास्त. पुढे एका गुहेत आधीच्या फसलेल्या अवतारांची भुतं भेटतात, तुमच्याआधी हाच दावा करून मेलेल्यांची. त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय? तुम्ही सेव्ह करून पुन्हा खेळू शकता. एवढाच असेल, असा मला कधीपासून संशय आहे.

याच्या शेजारी ‘डार्क सोल्स’ ठेवा. 2011 चा खेळ. सूर्यदेव ग्विनचा थोरला मुलगा युद्धदेव होता, त्याने काही मूर्खपणा केला, देवपण काढून घेतलं गेलं, पुतळे हटवले गेले, नाव पुसलं गेलं. अनोर लोंडो या देवांच्या नगरीत त्याच्या पुतळ्याची जागा रिकामी दिसते. कोण होता तो? लोकांनी सोलेअरवर बोट ठेवलं. सूर्यावर भाबडं प्रेम करणारा, हसतमुख, सगळ्यांचा लाडका शूरवीर. पाच वर्षं वाद रंगला. 2016 मध्ये तिसऱ्या भागात उत्तर आलं : आडबाजूच्या एका शिखरावर, वादळी ड्रॅगनवर बसलेला नेमलेस किंग. बापाची बाजू सोडून ड्रॅगनांना जाऊन मिळालेला थोरला. बॉस म्हणून थरारक, माझी हाडं मोडली त्याने. पण त्या दिवसापासून रिकाम्या चौथऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. तिथे कोण होता हे कळलं, आणि कळल्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. त्या चौथऱ्यावरून कोणाचं राज्य डळमळणार नव्हतं, कोणी दोन माणसं त्यावरून भांडत नव्हती. माहिती दडवली होती, मग उघड केली.

‘डार्क सोल्स’चे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतींत सांगितलंय की लहानपणी ते पूर्ण न समजणारी इंग्रजी पुस्तकं वाचायचे आणि न कळलेल्या जागा कल्पनेने भरायचे. त्यांच्या खेळांत वस्तूंच्या वर्णनातून चिमटीचिमटीने गोष्ट का मिळते, हे यातून कळतं. पद्धत सुंदर आहे. पण न कळलेलं पान आणि खोटं लिहिलेलं पान यांत फरक आहे. पहिल्यात वाचक एकटा असतो. दुसऱ्यात समोर कोणी तरी असतो, आणि त्याला काही तरी लपवायचं असतं.

मियाझाकींच्याच ‘एल्डन रिंग’च्या चाहत्यांची अवस्था बघवत नाही. 2022 पासून ते ग्लोम-आइड क्वीनला शोधताहेत. देवांना मारणाऱ्या टोळीची ही राणी वस्तूंच्या चारदोन ओळींत भेटते, मालिकेथ नावाच्या योद्ध्याने तिला हरवलं एवढं कळतं, पुढे काळोख. 2024 च्या जूनमध्ये ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ आलं तेव्हा सगळे उत्तराच्या आशेने तुटून पडले. राणीचा पत्ता लागला नाही. मग संताप, मग नवे व्हिडिओ, मग ‘खेळातली मेलिनाच ती राणी’ हा जुनाच सिद्धांत नव्या थंबनेलसह. मला त्यांची दया येते, पण हा खेळ त्यांना दुसरं करूही काय देतो? राणीबद्दल खोटं बोलणारं तिथे कोणी भेटतच नाही.

कोणी म्हणेल, ‘एल्डर स्क्रोल्स’ बनवणारी बेथेस्डाही साधूसंत नाही. खरंय. मालिकेतल्या 1996 च्या ‘डॅगरफॉल’ला अनेक शेवट होते, त्यातला कुठला खरा हे ठरवायची वेळ आली तेव्हा सगळे एकदमच घडले, काळच मोडला, असं जाहीर झालं. गूढाच्या वेषातली ही पळवाट आहे आणि मी तिला पळवाटच म्हणतो, चाहते मला कितीही मारायला धावोत.

पण मालिकेतल्याच ‘स्कायरिम’मध्ये, 2011 साली, त्यांनी ड्वेमरांच्या कोड्याला एकदा हात लावला तो फार चतुर होता. विंटरहोल्डच्या विद्यालयातला आर्निएल गेन नावाचा कुरकुऱ्या संशोधक तुमच्याकडून ड्वेमरांची दातेरी चाकं गोळा करून घेतो, एक आत्मरत्न भट्ट्यांत तापवून आणायला लावतो, शेवटी खुद्द कीनिंग मागवतो. कागरेनाकने काय केलं ते करून बघायचं! तो पात्याने रत्नावर घाव घालतो आणि नाहीसा होतो. प्रयोग यशस्वी, प्रयोगकर्ता बेपत्ता, टिपणं शून्य. तुमच्या हाती उरतं पातं आणि आर्निएलची छाया बोलावण्याचा मंत्र. ती छाया तुमच्यासाठी सांगाड्यांशी लढते, बोलत नाही.

‘एल्डर स्क्रोल्स’च्या सहाव्या खेळाची घोषणा 2018 मध्ये झाली. तो येईल तेव्हा कुठल्या तरी पितळी दारातून एक अख्खा ड्वेमर बाहेर पडून दहा मिनिटं संवाद म्हणेल, ही भीती मला आहे. तसं झालंच तर मी तो पहिल्या दिवशी विकत घेईन, शिव्या घालत खेळेन आणि सलग चार आठवडे या जागेवर त्याबद्दलच लिहीन. संपादकांनी आत्ताच सोय करून ठेवावी.