गाडी सावंतवाडीत वळवा

मुंबईहून गोव्याला निघालेल्या गाड्या झारापपासून बगलमार्गाने थेट पत्रादेवीला जातात. पूर्वी हा रस्ता सावंतवाडीतून जायचा, तेव्हा निदान जाता जाता मोती तलाव तरी दिसायचा. आता तोही दिसत नाही. म्हणून सांगतो, शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, की गोव्याचा नाद सोडा आणि दोन रात्री सावंतवाडीतच मुक्काम टाका.

हा तलाव गावाबाहेर नाही, भर वस्तीत आहे. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ. संध्याकाळी गावातली माणसं पाण्याच्या कडेने फिरतात, गप्पा मारत बसतात. चढ नाही की पायऱ्या नाहीत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीलाही बरोबर नेता येतं. सहलीत आजीला खोलीवर बसवून बाकीच्यांनी भटकून यायचं, हे मला तरी पटत नाही.

राजवाड्याच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आत गंजिफा रंगवणारे कारागीर बसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पाने. ही कला संपत आली होती. इथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली. मुलांना इथे घाईने फिरवू नका. ब्रशाच्या बारीक टोकाने मत्स्यावतार कसा उमटतो ते त्यांना निवांत पाहू द्या, कंटाळली तर कंटाळू द्या. संचाची किंमत ऐकून दचकायला होईल, पण एकेक पान हाताने रंगवलेलं असतं. तेवढे पैसे नसतील तर चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, पाट मिळतात. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची ही परंपरा जुनी आहे. तिथे मात्र घासाघीस करू नका. शहरातल्या मॉलमध्ये छापील किंमत मुकाट देणारे आपण कारागिराशीच का हुज्जत घालतो, कोण जाणे!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सकाळी आंबोली, दुपारी वेंगुर्ला, संध्याकाळी तारकर्ली असा बेत. यात मुलं गाडीत झोपतात आणि मोठे एकमेकांवर चिडतात. बाहेर एकदाच जा. आंबोली सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यातल्या रविवारी तिथल्या धबधब्यापाशी पाण्यापेक्षा माणसंच जास्त, तेव्हा भल्या सकाळी निघा. तिथेच हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी एक छोटा मासा आढळतो, त्याचं शास्त्रीय नावच हिरण्यकेशीवरून ठेवलं आहे. त्याच्यासाठी २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. तिथल्या कुंडात चुरमुरे, बिस्किटं टाकू नका, मुलांनाही टाकू देऊ नका.

जेवायला खानावळ शोधा. आज ताजं काय आलंय ते विचारा आणि तेच मागवा. सोलकढी दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.

मुंबईकरांनी शक्यतो रेल्वेने जावं. दादरहून तुतारी एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर सुटते, आणि इथेच अनेकजण तारखेला फसतात. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढा. सावंतवाडी रोड स्थानक गावापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे, रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. परतीची गाडी संध्याकाळी असते, म्हणजे शेवटचा दिवसही हाताशी राहतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा वेळा पुन्हा तपासा. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. गणपतीच्या आणि मे महिन्याच्या गर्दीत तिकिटं बघता बघता संपतात, त्यामुळे ते दिवस टाळून जानेवारी-फेब्रुवारीतला एखाद्या शनिवारवर आजच कॅलेंडरमध्ये खूण करून ठेवा.