खुर्ची नको, तास द्या

आमच्या एचआरच्या मेल येतात हल्ली. दर अर्ध्या तासाने उठा, पाठ ताणा, मॉर्निंग वॉक करा. खाली एक हसरा चेहरा. आणि कॅलेंडर उघडावं तर दहा ते दीड सलग तीन कॉल. उठायचं कधी म्हणे?

बसून काम करणं वाईट, हे १९५३ पासून माहीत आहे. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरना हृदयविकार जास्त, जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरना कमी, असं जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांना दिसलं. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'ने दहा लाखांहून जास्त लोकांचा हिशोब छापला: दिवसाला आठ तासांच्या वर बसणाऱ्यांचा जादा धोका भरून काढायचा तर रोज ६० ते ७५ मिनिटं भरभर चालण्याएवढी हालचाल हवी. पाठ ताणून भागत नाही, सव्वा तासापर्यंत वेळ लागतो!

तो आणायचा कुठून? मी चंद्रपुरात घरून काम करतो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर, सकाळी नऊलाच रस्ता भाजतो. संध्याकाळी अमेरिका जागी होते. राहिली पहाट. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्र आणि दुर्गापूरच्या भागात वाघ-बिबट्याने माणसं मारली, तेव्हापासून आमच्याकडे अंधारात फिरायला जाण्याचा सल्ला जपून द्यावा लागतो :)

पुण्याचे मित्र म्हणतात, तुझं बरंय रे, जंगल, शुद्ध हवा, आदिवासी बघ किती फिट. डॉ. अभय बंग गडचिरोलीतच राहत होते, डॉक्टर होते, तरी ४४ व्या वर्षी हृदयविकाराने गाठलं. पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात व्यायाम नसणं हेही एक कारण म्हणून मांडलं. खिडकीबाहेर जंगल असून काय होतं? आणि 'फिट' म्हणाल तर त्यांच्याच 'सर्च' संस्थेला गडचिरोलीच्या खेड्यांत पाठदुखी प्रचंड आढळली. दिवसभर वाकून रोवणी करून बघा एकदा. कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे.

असो. मुद्दा वेळेचा आहे आणि तो वेळ कंपनीकडे आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९०. सहा दिवसांत वाटले तर रोजचे पंधरा होतात! त्यात चालणं कुठे बसवायचं? महागडी खुर्ची देणं सोपं, ती एकदाच घ्यावी लागते. मला खुर्ची नको. रोज चार ते पाच कॅलेंडर बंद ठेवा, पगारी.

क्लायंट ऐकणार नाही, असं मॅनेजर म्हणतात. सर्व्हरच्या मेंटेनन्ससाठी चार तासांचा डाऊनटाईम मागतो तेव्हा ऐकतोच की.