नकलेतील चूक आणि रोगाची वाट

थोरल्या बहिणीने धाकटीला पाढे शिकवावेत, हे आपल्या घरोघरी चालते. अशाच घरच्या शिकवणीतून पुढे आलेल्या एका शास्त्रज्ञ बाईंची ओळख या वेळी आम्ही वाचकांना करून देत आहोत. त्यांचे नाव पार्डिस साबेती.

पार्डिसबाईंचा जन्म १९७५ सालचा, इराणमधील तेहरान शहरातला. १९७८ साली, क्रांतीच्या तोंडावर, त्यांच्या कुटुंबाने देश सोडला व ते अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात राहू लागले.  तेथे थोरल्या बहिणीने धाकटीला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार शिकविले. शाळेत जाण्यापूर्वीच पार्डिसला हे सारे येत होते. पुढे त्यांनी एमआयटी या संस्थेतून जीवशास्त्राची पदवी घेतली, शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला संशोधन केले आणि २००६ साली हार्वर्डमधून डॉक्टर झाल्या. पण त्यांनी दवाखाना थाटला नाही. गणित आणि संगणक यांच्या साह्याने रोगांचा माग काढण्याचे काम त्यांनी पत्करले.

हा माग कसा काढतात? कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्या आमच्यासारख्यांना ते चटकन समजते. एका रजिस्टरची नक्कल केली, तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. पहिल्या नकलेत एक अक्षर चुकले की ती चूक पुढच्या सर्व नकलांत उतरते. चुका ताडून पाहिल्या तर कोणती नक्कल कशावरून केली, हे ओळखता येते. विषाणूही माणसाच्या शरीरात स्वतःच्या नकलाच काढत असतो व त्यात चुका होतात. इबोला विषाणूचा मजकूर सुमारे १९ हजार अक्षरांचा आहे. रुग्णाच्या रक्तातून तो वाचायचा आणि चुका संगणकावर जुळवायच्या, असे हे काम.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ भडकली. सिएरा लिओन देशातील केनेमा सरकारी रुग्णालयात लासा तापाचा विभाग होता आणि पार्डिसबाईंचे तेथील मंडळींबरोबर आधीपासून काम चालू होते. त्यांनी मिळून ७८ रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणूचे ९९ मजकूर वाचले. निष्कर्ष असा निघाला की, रोग जनावरांकडून पुन्हा पुन्हा येत नव्हता, तो माणसाकडून माणसाकडे जात होता. म्हणजे खरा धोका होता रुग्णाची सेवा करताना आणि प्रेताला हात लावताना. ही माहिती त्यांनी कपाटात कुलूपबंद ठेवली नाही. निबंध छापून येण्याची वाट न पाहता ती जगभरच्या संशोधकांना खुली केली.

ऑगस्ट २०१४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या लेखकांपैकी पाच जण इबोलानेच गेलेले होते. डॉ. शेख हुमार खान, म्बालू फॉनी, अ‍ॅलेक्स मोइगबोई, अ‍ॅलिस कोव्होमा आणि मोहम्मद फुला. डॉ. खान २९ जुलैला वारले. म्बालू फॉनी या लासा विभागाच्या मुख्य परिचारिका होत्या. या साथीने एकूण अकरा हजारांहून अधिक माणसे नेली.

जुलै २०१५ मध्ये पार्डिसबाईंना भीषण अपघात झाला. कमरेची व गुडघ्यांची हाडे मोडली, डोक्यालाही मार लागला. त्यातून उठून त्या पुन्हा कामाला लागल्या. आफ्रिकेतील रोगांचा तपास आफ्रिकेतल्याच प्रयोगशाळांत व्हावा, म्हणून नायजेरियातील डॉ. ख्रिश्चन हाप्पी यांच्या केंद्राला त्यांनी साथ दिली.

संगणकामागे बसलेल्याचे नाव जगाला लवकर कळते. पण त्या संगणकात जे वाचले गेले, ते रुग्णाच्या उशाशी उभे राहून कोणीतरी गोळा केलेले रक्त होते. केनेमाच्या परिचारिकांची नावे निबंधाच्या मथळ्याखाली शास्त्रज्ञांच्या रांगेत छापली गेली, ही गोष्ट आम्हाला त्या शोधाइतकीच मोलाची वाटते. आपल्या लेकीबाळी नर्सिंगला जातात, कोणी प्रयोगशाळेत नमुने तपासतात. त्यांच्या कामाला दुय्यम म्हणणाऱ्यांना वाचकांनी ही पाच नावे जरूर वाचून दाखवावीत.