वसतिगृहाचे दार आतून लावून घेऊ नका!

परदेश शिष्यवृत्तीची यादी लागली की पुण्यातल्या आपल्या वस्त्यांमधून आनंदाला उधाण येते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५. अर्ज येतात महाराष्ट्रातून आणि त्यांची छाननी होते आपल्याच पुण्यात, समाजकल्याण आयुक्तालयात. ज्याचे नाव यादीत आले त्याचा बुद्धविहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात, आईच्या डोळ्यांत पाणी येते. मग समाजातला एखादा जुना कार्यकर्ता पोराला बाजूला घेतो आणि सांगतो, "तिकडे कुठल्या भानगडीत पडू नकोस. खोलीत बसायचे, अभ्यास करायचा, डिग्री घ्यायची आणि परत यायचे."

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो. त्यात पिढ्यानपिढ्यांची धास्ती असते. पण तो अर्धाच खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्याने आपल्या पोरांचे नुकसान होते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असा सल्ला देणारे बाबासाहेबांचा दाखला देतात. बाबासाहेब कोलंबियात रात्रंदिवस पुस्तकांत बुडालेले असत, हे खरेच. लाला लजपत राय त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांनी या तरुण विद्यार्थ्याला आपल्या राजकीय कामात ओढण्याचा प्रयत्न केला, पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या बाबासाहेबांनी अभ्यास सोडून त्यात पडायला नकार दिला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची मात्र कोणी सांगत नाही.

जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले तेव्हा प्रथम विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण मानवेना म्हणून आठवडाभरातच ते ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. निरनिराळ्या देशांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र यावे म्हणून अमेरिकन विद्यापीठांत त्या काळी असे क्लब निघाले होते. तिथून ते लिव्हिंगस्टन हॉलमध्ये आले. ही इमारत आजही आहे, तिचे नाव तेवढे वॉलाक हॉल झाले आहे. तिथे त्यांच्या सोबत होते मुंबईचे पारशी विद्यार्थी नवल भथेना. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा याच मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. आता याच्या शेजारी १९१७ ची बडोद्याची हकिगत ठेवून बघा. तिथे पारशी धर्मशाळेतून हातात काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. लोक तेच, पण वसतिगृहात एका ताटाशेजारी दुसरे ताट लागले होते आणि बडोद्यात काठी उगारली गेली होती. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले. ती पुसण्यात वाचनालयाबरोबर वसतिगृहाचाही वाटा असणारच.

कॉस्मोपॉलिटन क्लबवरून आठवले. १९०९ मध्ये कोलंबियाच्याच ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हॅरी एडमंड्स या वायएमसीएच्या कार्यकर्त्याने एका चिनी विद्यार्थ्याला सहज 'गुड मॉर्निंग' म्हटले. तो विद्यार्थी थबकला आणि म्हणाला की, न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स दांपत्याने परदेशी मुलांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली आणि त्यातून १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे इंटरनॅशनल हाऊस उभे राहिले. आपल्या पुण्यात सिम्बायोसिसची सुरुवातही अशीच झाली. कावीळ झालेल्या मॉरिशसच्या मुलाला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना डॉ. शां. ब. मुजुमदारांनी पाहिले आणि १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी ही संस्था निघाली. त्याच संस्थेने सेनापती बापट रस्त्यावर बाबासाहेबांचे स्मारक-संग्रहालय उभारले आहे. परक्या मुलुखातला विद्यार्थी एकटा पडतो, हे दुःख सगळ्यांचे सारखे आहे. आपल्या मुलाचे मात्र त्याहून एक जास्तीचे दुःख असते.

ते असे. आपला मुलगा लंडन-बोस्टनच्या वसतिगृहात सामान टाकतो. दुसऱ्या दिवशी भारतीय विद्यार्थी संघटनेची मंडळी भेटतात. स्वागत होते, चहा होतो आणि पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो, "आडनाव काय? मूळचे कुठले?" सात समुद्र ओलांडले तरी आडनावाची चौकशी सुटत नाही! मग स्वयंपाकघरात कुणाचे भांडे वेगळे, कुणाचे कपाट वेगळे. 'स्कॉलरशिपवर आलास होय?' या प्रश्नाचा सूर तर आपल्या मुलाला लहानपणापासून पाठ असतो. अशा वेळी तो दोनपैकी एक करतो. एक तर आडनाव गिळून त्यांच्यात मिसळतो किंवा खोलीचे दार आतून लावून घेतो. दोन्हीत तो एकटाच राहतो.

तिसरा रस्ता आहे. त्याच मजल्यावर नायजेरियाची मुलगी असते, नेपाळचा दलित मुलगा असतो, ब्राझीलचा कृष्णवर्णीय असतो. विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत उभे राहणारे, वसतिगृहाच्या समितीत बसणारे, भाडेवाढीविरुद्ध निवेदन देणारे बहुधा हेच असतात. त्यांना जात माहीत नसते, पण माणसाला जन्मावरून हिणवले जाणे म्हणजे काय हे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यांच्या कामाला हात लावा, मग तुमचे म्हणणे ते ऐकतात. नुसते आपले गाऱ्हाणे घेऊन गेलात तर कोण उभे राहील? भाडेवाढीच्या निवेदनावर पहिली सही आपल्या पोराची असू द्या.

याचे फळ काय मिळते ते कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने दाखवले. २३ संकुले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थी असलेल्या या विद्यापीठात आधी विद्यार्थी संघटनेने २०२१ मध्ये जातीय भेदभावाविरुद्ध ठराव केला आणि जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठाने भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. ठराव करणाऱ्या संघटनेत दलित विद्यार्थी किती असणार? मूठभर! बाकीचे हात इतरांचे होते. विरोध करायला मात्र भारतीय वंशाचीच माणसे पुढे आली. हिंदू म्हणून आमची बदनामी होते, असे म्हणत दोन प्राध्यापक कोर्टातही गेले. जातीचा अभिमान विमानातून नेता येतो, जातीचा उल्लेख मात्र नेता येत नाही, असा हा न्याय!

लजपत रायांना नकार देणाऱ्या बाबासाहेबांनीच १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज जातो आहे हे त्यांनी वाचले होते, त्याची प्रत त्यांना हवी होती. डु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. हार्लेम कोलंबियाच्या दाराशी आहे. बाबासाहेब तिथून परतल्यावर तीस वर्षांनी हा पत्रव्यवहार झाला. त्यांना अभ्यासाला तीनच वर्षांची मुदत होती आणि घरी रमाई हालअपेष्टा सोसत होत्या. त्यांनी अभ्यासाला अग्रक्रम दिला तो योग्यच होता. पण आजच्या मुलाला डु बॉइसचा वारसदार शेजारच्या खोलीत भेटतो, तर त्याने तीस वर्षे का थांबावे?

धोका नाही असे आम्ही म्हणत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेत आंदोलनांशी संबंध जोडून परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. खुद्द कोलंबियातल्या एका भारतीय संशोधक विद्यार्थिनीला देश सोडावा लागला. ज्या बापाने जमीन गहाण ठेवून तिकीट काढले त्याची भीती खोटी कशी म्हणावी? म्हणून रस्त्यावरचे आंदोलन आणि वसतिगृहाच्या समितीतले काम यांतला फरक मुलांना ओळखता आला पाहिजे. समितीत बसणे, ठराव मांडणे, तक्रारीची नोंद करवून घेणे, नियमाच्या पुस्तकात एक शब्द वाढवणे, हे काम शिस्तीचे आहे. बाबासाहेबांनी आयुष्यभर तेच केले. व्हिसाच्या अटी मात्र प्रत्येकाने नीट वाचाव्यात, कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये.

इकडच्या सरकारचेही पाहा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये अशी अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय घेता येणार नाहीत. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवर निबंध वाचला. या नियमाने तो निबंध बसला असता का? वर्गात जातीवर बोलायचे नाही अशी सोय सरकारने केली असेल तर निदान वसतिगृहाच्या जेवणाच्या टेबलावर तरी बोलले गेले पाहिजे.

आणि याचा सराव पुण्यातच करता येईल. विद्यापीठात, सिम्बायोसिसमध्ये आफ्रिकेतली, अफगाणिस्तानातली, आखातातली मुले शिकतात. २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा पुण्यातली अफगाण मुले घरच्या काळजीने रात्र रात्र जागत होती. आपल्यापैकी किती जणांनी त्यांची विचारपूस केली? भाड्याची खोली शोधताना आफ्रिकन मुलाला रंगावरून नकार मिळतो आणि आपल्या मुलाला आडनावावरून, तोही बहुधा एकाच सोसायटीत! पण हे दोघे एकमेकांना कधी भेटत नाहीत.

विश्रांतवाडीच्या समाजकल्याण वसतिगृहातल्या मुलांनी येत्या १४ एप्रिलला विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलवावे. आधी त्यांच्या देशाची गोष्ट त्यांना सांगू द्यावी, मग आपली सांगावी. निमंत्रण इंग्रजीत लिहावे लागेल. चुका झाल्या तरी चालतील, पण ते मुलांनी स्वतःच लिहावे.