सवलतीचा हिशेब

अकोल्याच्या एका चर्चमध्ये सुगीच्या सणाला उपस्थित राहण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला. वेदीपुढे ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा आणि कापसाची बोंडे मांडली होती. एका शेतमजूर बाईने पदरात आणलेली शेरभर ज्वारी तेथे ठेवली आणि ती मागे जाऊन बसली. चर्च आणि शासन यांच्या करविषयक संबंधांचा प्रश्न निघाला की मला ती बाई आठवते.

आपल्याकडे ख्रिस्ती संस्थांना विशेष करसवलत मिळते, असा प्रचार वारंवार होतो. तो खरा नाही. प्राप्तिकरातील सूट नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला मिळते. मग तो चर्चचा असो, मंदिराचा असो, विहाराचा असो वा मशिदीचा. एका धर्माचा खरा लाड झाला तो ब्रिटिश अमदानीत. तेव्हा अँग्लिकन बिशप व पाद्री यांचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे मुख्यतः हिंदू-मुसलमान रयतेच्या पैशातून दिले जात. राज्यघटनेच्या 27व्या कलमाने हा मार्ग बंद केला. विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर भरण्याची सक्ती आता कोणावरही करता येत नाही.

तथापि सूट म्हणजे सरकारने न घेतलेला महसूल, आणि न घेतलेला महसूल हाही जनतेचाच पैसा होय. तो कोणाच्या दानामागे जातो? जुनी करपद्धती स्वीकारलेल्या आणि तीस टक्के दराने कर भरणाऱ्या धनिकाने निम्म्या वजावटीस पात्र असलेल्या धर्मादाय संस्थेला एक लाख रुपये दिले, तर उपकर वगळता त्याचा 15,000 रुपये कर वाचतो. म्हणजे त्या लाखातले 15,000 वस्तुतः तिजोरीने दिले. नाव मात्र दात्याचे लागले. त्या मजूर बाईच्या ज्वारीला अशी जोड नाही. उलट साबणाच्या वडीवर ती वस्तू व सेवा कर भरते आणि धनिकाच्या औदार्याचा वाटा नकळत उचलते.

म्हणून सवलतीची कसोटी एकच: संस्थेचे दार परक्याला उघडे आहे काय? आमच्या वऱ्हाडात या कसोटीला उतरणारी उदाहरणे आहेत. अचलपूरजवळच्या कोठारा येथे ख्रिस्ती मिशनने, तर अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांना आसरा दिला. समाजाने टाकलेल्या माणसाचा धर्म तेथे कोणी विचारला नाही. महाराष्ट्रात मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत द्याव्यात, असा दंडक आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाहणे हा नागरिकांचा हक्क आहे.

हिशेब मागणे म्हणजे धर्मद्वेष नव्हे. डॉ. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात मांडले, ते स्वतःच्या समाजाला प्रश्न विचारण्यासाठी. तोच प्रश्न मिशनच्या बंगल्यांच्या आणि जमिनींच्या विश्वस्तांनाही विचारला पाहिजे.

परंतु हिशेब मागणे वेगळे आणि लगाम घालणे वेगळे. परकीय देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेला आपल्या परकीय देणगीतून खेड्यातील लहान संस्थेला वाटा देता येईनासा झाला आणि अशा देणग्या प्रथम स्टेट बँकेच्या दिल्लीतील एकाच शाखेत येऊ लागल्या. पारदर्शकतेला आमचा विरोध नाही. मात्र परवान्याच्या धाकाने संस्थेची वाचा बंद होणार असेल, तर दुर्बलांची बाजू घ्यायला कोण धजेल?

कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे केवळ अल्पसंख्याकांचा प्रश्न म्हणून पाहू नये. अमरावती-अकोल्यातील प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाच्या आणि न्यासाच्या दारी जावे, राखीव खाटा मोजाव्यात, धर्मादाय आयुक्तांकडे सादर झालेले हिशेब पाहावेत. चर्च, मंदिर, दर्गा असा भेद त्यात नसावा. ज्या बाईने पावती न मागता ज्वारी ठेवली, तिला हा हिशेब मिळालाच पाहिजे.